तुमचा रंग पडतोय

"जरा बाजूला व्हा भाऊ, तुमचा रंग पडतोय."

धाटावच्या रंगाच्या कारखान्यात मी नोकरीला लागलो, त्या पहिल्या सकाळी माझ्याशी कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दचकून मागे पाहिलं. भिंतीला ओला रंग असेल आणि आपण त्याला टेकलो असू, असं मला वाटलं. शर्ट नवा होता. नोकरी लागली म्हणून रोह्याच्या बाजारातून मुद्दाम घेतलेला, लाल चौकड्यांचा. मी पाठ चाचपली, दोन्ही बाह्या पाहिल्या. कुठे काही लागलेलं नव्हतं.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, त्यांच्यावर पांढऱ्या एप्रनची बाही ओढून घेतली आणि पुन्हा सांगितलं, "शर्टाचा हो. लाल हाय ना. ह्या कागदावर पडतोय. तिकडं कपाटाशी जाऊन उभं ऱ्हावा."

मी नुकताच बी.एस्सी. झालेला. आमच्या खांब गावातला रसायनशास्त्र शिकलेला पहिलाच माणूस. प्रकाश म्हणजे काय, तो कसा परावर्तित होतो, हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण आपल्या अंगातल्या शर्टाचा रंग हातभर लांबच्या कागदावर पडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मुकाट्याने कपाटाशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून गेलो. बाईंनी वर पाहिलं आणि "आता कसं," एवढंच म्हणाल्या. कारखान्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. आमच्याकडे रंगाची पूड तयार व्हायची. प्रत्येक घाणा निघाला की त्यातली चिमूटभर पूड तेलात घोटायची आणि पट्टीने कागदावर ओढायची. शेजारी जुन्या, पसंत झालेल्या नमुन्याचा पट्टा. दोन्ही पट्टे थेट ऊन न येणाऱ्या उत्तरेकडच्या खिडकीत धरायचे आणि बघायचं, रंग तोच आहे की हलला आहे. बस, एवढंच. तुम्ही आम्ही बघितलं तर दोन्ही पट्टे सारखेच दिसतील. मला तर पहिले सहा महिने सारखेच दिसत होते.

बाईंना नाही. त्या पापणी न हलवता बघायच्या आणि निकाल द्यायच्या. रंग जुळला तर "बसला". नाही जुळला तर त्याची तऱ्हा सांगायच्या. "ह्यो पिवळ्याकडं सरकलाय." "ह्यो दमलाय, जास्त भाजलाय." "ह्येचं पोट भरलं नाय, आजून थोडा घाला." एकदा एका निळ्याला त्या "रुसलाय" म्हणाल्या. आता रुसलेल्या निळ्याचं काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं? पण खालचे ऑपरेटर न हसता घाण्यात काहीतरी घालायचे, आणि तासाभराने आणलेल्या पट्ट्याला बाई "बसला" म्हणायच्या.

त्यांचे नियम कडक होते. रंग बघायचा तो दहा ते बारा आणि नंतर दोन ते चार. लाल बघितल्यावर लगेच हिरवा बघायचा नाही, मध्ये थोडा वेळ भिंतीकडे बघून डोळे निववायचे. पावसाळ्यात खिडकीसमोरचा डोंगर हिरवा व्हायचा, तेव्हा त्या खिडकीबाहेर पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा लावून घ्यायच्या. डोंगराला बाजूला हो म्हणता येत नव्हतं, म्हणून. एप्रन त्या स्वतः घरी धुवायच्या आणि त्याला कधीही नीळ घालायच्या नाहीत. "निळीचा कपडा पांढरा दिसतो," त्या म्हणायच्या, "पांढरा नसतो."

त्या पेणच्या. सकाळच्या पेण–रोहा गाडीने यायच्या. मी खांबला चढायचो तेव्हा शेजारच्या सीटवर त्यांचा डबा ठेवलेला असायचा, माझ्यासाठी. मी बसलो की डबा मांडीवर जायचा. वडखळ, नागोठणं मागे पडलेलं असायचं, पण त्या वाटेत काय पाहिलं ते मला कोलाड येईपर्यंत सांगायच्या. गावगप्पा नव्हेत. रंग. "आज मिठागरात पानी गुलाबी आलंय. दोन दिसांत मीठ धरंल." "तुमच्या गावचा वाल आज निळसर दिसला, रातचं दव हाय त्याच्यावर." मी खिडकीतून बघायचो. मला वाल दिसायचा.

त्यांचं माहेर खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. वडील पाण्याचा रंग बघून मीठ कधी ओढायचं ते सांगत. लहानपणी त्या मिठाच्या ढिगांवर खेळल्या होत्या. सकाळचं मीठ, दुपारचं मीठ, पहिल्या ओढीचं, शेवटच्या ओढीचं, प्रत्येकाचा पांढरा त्यांना वेगळा दिसायचा. मग लग्न होऊन पेणेत आल्या, गणपतीच्या कारखान्यात. सासरे मूर्तींचे डोळे रेखायचे. डोळ्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पण अंगाचा रंग, पितांबराचा, शेल्याचा, हे कालवण्याचं काम हळूहळू बाईंकडे आलं. "पांढरा माहेरातनं आनला," त्या म्हणायच्या, "बाकीचे सासरी मिळाले."

आमच्या कारखान्याचे जुने साहेब एकदा पेणेला रंग विकायला गेले होते. लाल रंगाची पुडी बाईंनी बघितली आणि परत दिली. "ह्यो गेल्या वर्साचा न्हवं." साहेबांनी रोह्याला येऊन वही उघडली, तर खरंच भट्टीची कृती मध्येच बदललेली होती. महिन्याभरात साहेब पुन्हा पेणेला गेले, ते बाईंना नोकरी द्यायला.

नोकरी दिली, पण कुठल्या नावाने द्यायची? कारखान्याच्या यादीत असं पदच नव्हतं. बाई सातवी शिकलेल्या. तेव्हा त्यांना 'हेल्पर' म्हणून लावलं आणि तेच राहिलं. प्रयोगशाळेतल्या पदवीवाल्या मुली 'मॅडम' होत्या, या 'बाई'. घाणा पास झाल्याच्या चिठ्ठीवर हेल्परची सही चालत नाही, म्हणून ती सही मी करायचो. म्हणजे रंग ओळखायच्या बाई आणि माझ्या सहीने तो बाहेर पडायचा. वर्षभर माझ्या सहीचे घाणे कुठूनही परत आले नाहीत, तेव्हा मला बढती मिळाली. मी पेढे घेऊन गेलो. बाईंनी अर्धा पेढा घेतला, खिडकीत धरला आणि म्हणाल्या, "खवा जरा जास्त परतलाय." मग खाल्ला.

तेवढ्यात काळ बदलायला लागला. जुने साहेब गेले, मुंबईहून नवे आले. पेपरातल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती बदलल्या. आधी 'अनुभवी कामगार' असायचे, आता 'पदवीधर, संगणकाचे ज्ञान आवश्यक'. रोह्यात आणि पेणेत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. मीही एका क्लासला नाव घातलं. धाटावमधल्या शेजारच्या कंपनीत बॉयलरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे एक चाचा होते, त्यांच्याकडे सर्टिफिकेट मागितलं. त्यांनी कानाला हात लावून दाखवला आणि गेटच्या बाहेर झाले. आम्ही ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत हसत हसत सांगायचो. आमच्यापर्यंत काही येईल असं वाटत नव्हतं.

आलं, आणि लाकडी पेटीतून आलं. रंग मोजायचं यंत्र. त्याला जोडलेला संगणक. त्यासाठी थंड, बंद खोली हवी म्हणून प्रयोगशाळेचा एक कोपरा प्लायवूडने आखून एसी बसवला. मला शिकायला मुंबईला पाठवलं. आठवडाभर मी तिथल्या हॉटेलात राहिलो, आयुष्यात पहिल्यांदा. परत आलो तो थोडा ताठूनच चालत होतो.

पण यंत्राला रंग दिसला तरी तो पसंत की नापसंत हे कळत नव्हतं. ते नुसता आकडा सांगायचं, दोन पट्ट्यांमध्ये एवढा एवढा फरक. किती फरक चालेल, हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं. कोण शिकवणार? नव्या साहेबांनी बाईंकडे बोट दाखवलं.

तीन महिने आम्ही दोघं तेच करत होतो. बाई खिडकीत पट्टा धरायच्या आणि "बसला" किंवा "नाय बसला" सांगायच्या. मी तोच पट्टा आत नेऊन यंत्राला दाखवायचो आणि आकड्यापुढे बाईंचा निकाल टाकायचो. शेकडो पट्टे. लाल संपले, पिवळे संपले, निळे घेतले. बाई न कंटाळता सांगायच्या. कधी "थांबा, मगाचा चुकला, परत आना," म्हणायच्या. आपण कुणाला तरी शिकवतो आहोत आणि त्याने नीट शिकावं, असा तो भाव होता. रोज सकाळी यंत्राला आधी एक पांढरी फरशी दाखवावी लागते, तळहाताएवढी, 'पांढरं म्हणजे हे' असं सांगायला, हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांना फार आवडलं. "बराबर हाय त्याचं," त्या म्हणाल्या. "आधी पांढरं ठावं पायजे."

एकदा निळे चालू असताना त्यांनी हातातला पट्टा खाली ठेवला.

"म्हंजे भाऊ, मी काय म्हनते त्ये ह्यो ध्यानात ठेवनार?"

"हो."

"मी घरी गेले तरी?"

"तरी."

त्या थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. डोळे निववायला बघायच्या तशाच. मग म्हणाल्या, "ह्ये सगळं झाल्यावर मला खिडकीत ठेवतील ना?"

मला उत्तर माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी चहा पिताना साहेब मला म्हणाले होते, "हे एकदा बसलं की बाईंना पॅकिंगला टाकू." मी ते ऐकून मान हलवली होती. आता बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "तुमच्याशिवाय कसं चालेल बाई?"

बघा, किती सफाईदार वाक्य आहे. खोटं म्हणाल तर खोटंही नाही. ते इतक्या पटकन माझ्या तोंडून कसं आलं, याचं मला आजही नवल वाटतं आणि लाजही वाटते. बाईंनी पट्टा उचलला आणि म्हणाल्या, "बसला."

त्या वर्षीचा दसरा आमच्याकडे जोरात झाला. नवं यंत्र, नवं पूजन. खालचे ऑपरेटर हळद-कुंकू, झेंडूच्या माळा घेऊन थंड खोलीत शिरले. आमच्याकडे कुठल्याही मशीनला कुंकू लागल्याशिवाय दसरा होत नाही. एकजण यंत्राच्या भिंगाखाली बोट नेणार, तेवढ्यात बाईंनी त्याचा हात धरला.

"डोळा हाय त्यो त्याचा! डोळ्यात कुंकू घालतोस?"

"अहो बाई, पूजा नको करायला?"

"कर ना. पांढरं फूल आन."

मग कुणीतरी धावत जाऊन तगरीची फुलं आणली. बाईंनी ती स्वतः वाहिली, भिंगापासून लांब, आणि हात जोडले. अख्ख्या कारखान्यात कुंकू नसलेलं ते एकच यंत्र होतं. त्याची एवढी काळजी घेणारी बाई तरी त्या दिवशी दुसरी कोण होती? पण त्या गर्दीत कुणाचा तरी हात लागून यंत्राची ती पांढरी फरशी पुसायच्या मऊ फडक्यावर हळदीचा डाग पडला. मी ते फडकं खिशात घालून घरी नेलं आणि धुवायला टाकलं.

दसऱ्यानंतर यंत्र बिघडलं.

चांगले घाणे ते नापास करायला लागलं. सगळेच पिवळ्याकडे गेलेत म्हणून सांगायचं. बाई खिडकीत "बसला" म्हणत आणि आत यंत्र नाही म्हणे. मुंबईहून इंजिनिअर आला. त्याने वायरी तपासल्या, एसी तपासला, चहा घेतला आणि यंत्रात काही दोष नाही असं लिहून गेला. साहेबांचा चेहरा उतरला. माझा तर आधीच उतरलेला होता. मुंबईला शिकून आलेला मी, आणि मला काही सापडत नव्हतं. शेवटी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर देऊ परत पाठवून. आपल्या बाई आहेतच."

पुन्हा खिडकीपाशी गर्दी व्हायला लागली. ऑपरेटर पट्टे घेऊन रांगेत उभे. बाई बांगड्या वर सारताहेत, "बाजूला व्हा, रंग पडतोय," म्हणून दटावताहेत. मला वाटतं, त्या खुशीत होत्या. असायलाच हव्या होत्या.

तीन-चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी थंड खोलीत एकटा डोकं धरून बसलो होतो. बाई चपला बाहेर काढून आत आल्या.

"त्याची पांढरी फरशी दावा बरं."

मी दिली. त्यांनी ती दोन बोटांनी कडेला धरली, बाहेर खिडकीशी नेली आणि आपल्या एप्रनच्या टोकाशेजारी ठेवली. मी पाठोपाठ गेलो. मला दोन्ही पांढरीच दिसत होती.

"नीळ लागलीय हिला," बाई म्हणाल्या. "कोन पुसतं?"

"मीच. रोज सकाळी, जरा ओलसर फडक्याने."

"आन त्ये फडकं?"

मला दसऱ्याचा डाग आठवला. फडकं आईने धुतलं होतं. घडी घालून माझ्या हातात देताना म्हणाली होती, "कंपनीचं हाय म्हणून चांगलं पांढरंफेक केलंय बघ." आमच्या घरात माझी नोकरी लागल्यापासून नीळ जास्त लागायची. कंपनीत जाणाऱ्या मुलाचे कपडे गावात उठून दिसले पाहिजेत, असा तिचा हट्ट होता.

"आईनं धुतलं व्हय?" बाईंनीच विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. "मंग जास्तच घातली आसंल. लेकाचं हाय म्हनून."

त्यांनी फरशी शुद्ध पाण्याने तीनदा धुतली, आपल्या एप्रनच्या टोकाने टिपली, पुन्हा खिडकीत धरून बघितली आणि माझ्या हातात दिली. "जा, दाव त्याला."

मी दाखवली. निळसर पांढऱ्यालाच ते खरं पांढरं धरून बसलं होतं, म्हणून त्याला सगळे घाणे पिवळ्याकडे गेलेले दिसत होते. सकाळपासून नापास झालेले सगळे घाणे एकामागून एक पास झाले.

मी बाहेर आलो. बाई डबा उघडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो. मी म्हणालो, "बाई, तुम्ही गप्प बसला असता तर दिवाळीला हे यंत्र परत गेलं असतं."

"ठावं हाय."

"मग?"

"पांढरं खोटं हाय ह्ये दिसताना गप बसू? मंग माझ्या डोळ्याचा उपेग काय?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन आसं कर, तुझ्या आईचं कुनाला सांगू नको. नवं काम तुझं. लोक हसतील. गप ऱ्हा."

तोपर्यंत त्या मला अहो-जाहो करायच्या. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांनी मला तू म्हटलं.

आणि मी गप्प राहिलो. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "फरशी नीट पुसली जात नव्हती, ते सापडलं." कुणाला सापडलं हे मी सांगितलं नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. बाईंनी सांगितलं असतं तर यंत्र फसतं हे साहेबांना कळलं असतं. मी सांगितलं असतं तर बाईंशिवाय यंत्र सुधारत नाही हे कळलं असतं. तरी त्या खिडकीत राहिल्या असत्या का? कोण जाणे. काळच तसा होता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत असे. पण एक वाक्य होतं आणि ते माझं होतं, काळाचं नव्हतं. ते मी बोललो नाही.

दिवाळी झाल्यावर बाईंना पॅकिंगला टाकलं. एसी आता सगळ्या प्रयोगशाळेला लावला आणि त्याची थंडी जाऊ नये म्हणून खिडकी प्लायवूड ठोकून बंद केली.

पॅकिंग म्हणजे पुडीच्या गोण्या भरायच्या. नाकाला फडकं बांधलं तरी रंग सगळीकडे जातो. कारखान्यात इतकी वर्षं अंगावर रंगाचा एक ठिपका पडू न देणारी ती बाई संध्याकाळच्या गाडीत चढायची तेव्हा भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या लाल, नखं निळी. कंडक्टर एकदा म्हणाला, "काय बाई, शिमगा आत्ताच?" सगळी गाडी हसली. बाईही हसल्या. माझ्यासाठी सीटवर डबा ठेवलेला होताच, पण मी बसताना त्या खिडकीकडे सरकल्या. "लांब बस," म्हणाल्या, "पांढरा शर्ट हाय तुझा. रंग लागंल." बाहेर डोंगर, वाल, सगळं होतं. पण त्या बाहेरचं काही सांगत नव्हत्या.

एक दिवस त्यांनी मला अर्ज लिहून द्यायला सांगितला. धाटावला रंगाच्या आणखी दोन-तीन कंपन्या होत्या, तिथे बघणार होत्या. मी कागद घेतला. शिक्षण, सातवी पास. अनुभव, दहा वर्षं. पदाचं नाव? मी 'रंगपरीक्षक' असं लिहिलं. बाईंनी मला ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "त्येंनी सर्टिफिकेट मागितलं म्हंजे? त्यावर हेल्पर हाय." मी खोडलं. हेल्पर लिहिलं. त्यांना काय येतं ते लिहायला त्या छापील कागदावर जागाच नव्हती.

"गेटावर इचारतात, काय येतं," त्यांनी नंतर गाडीत सांगितलं. "मी म्हनलं, रंग कळतो. त्ये म्हनले, संगनक येतो का?" त्यांनी नखातला निळा खरवडला. "मी म्हनलं, संगनकाला मी शिकवलंय. तर वाचमन हसला."

पुढच्या आठवड्यात खांबला गाडी आली तेव्हा शेजारच्या सीटवर डबा नव्हता. कुणी परका माणूस बसला होता. त्यांनी नोकरी सोडल्याचं मला कारखान्यात गेल्यावर कळलं.

मी तिथेच राहिलो. पुढे मोठा झालो, माझ्या हाताखाली चार मुलं आली, सगळी संगणक शिकलेली. पट्टा बघण्यासाठी आता कुणी खिडकी शोधत नव्हतं. पण कधीतरी एखादा घाणा पास होऊन चिठ्ठीवर सही करताना मला वाटायचं, आत्ता कुणीतरी म्हणायला हवं होतं, हा रुसलाय म्हणून. यंत्राला रुसलेला रंग दिसत नाही. खरं सांगायचं तर मलाही कधी दिसला नाही. तरी तो कुणाला तरी दिसतो आहे, एवढ्या भरवशावर मी ती पहिली वर्षं सह्या केल्या होत्या. तो भरवसा गेला तो गेलाच. कारखान्यात मी पांढराच शर्ट घालत राहिलो. मुलं त्याची थट्टा करायची. मी कारण सांगितलं नाही.

नव्वदचं दशक संपता संपता, एका श्रावणात, घरच्या गणपतीची मूर्ती सांगायला म्हणून मी पेणेला गेलो. तसा गणपती आम्हाला रोह्यातही मिळाला असता. रविवार होता, म्हणून बायकोने हौसेने घेतलेला शर्ट घातला होता. लाल चौकड्यांचा.

विचारत विचारत बाईंच्या सासरचा कारखाना शोधला. आत दोन तरुण कॉम्प्रेसर लावून फवाऱ्याने मूर्ती रंगवत होते. सर्रकन एक पितांबर, सर्रकन दुसरा. भिंतीशी तयार रंगाचे डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर नंबर. एकाने दुसऱ्याला ओरडून सांगितलं, "अंगाला चार नंबर घे!" कालवायचं काही राहिलंच नव्हतं.

"काकी मागं बसलीय," त्यांनी सांगितलं.

मागच्या पडवीत उत्तरेच्या अंगाला बाई बसल्या होत्या. समोर कोऱ्या, बिनरंगाच्या मूर्तींची रांग. त्या पॉलिश पेपरने एकेका मूर्तीचं अंग घासून गुळगुळीत करत होत्या. केस, भुवया, हात, सगळ्यावर पांढरी भुकटी. हिरव्या बांगड्या मनगटावरच होत्या. वर सारलेल्या नव्हत्या.

मला बघून त्यांनी डोळे बारीक केले. "कोन, भाऊ? ये, बस. आई बरी हाय ना?"

"बरी आहे."

"आन त्यो?"

कोण, ते मला कळलं. "चाललंय त्याचं. जुना झालाय आता."

"फरशी नीट पुसता ना?"

"रोज. अजून मीच पुसतो."

"नीळ नाय ना?"

"नाही."

आम्ही दोघंही हसलो. मग मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. ती फरशी कुणी शोधली हे मी साहेबांना कधीच सांगितलं नाही, आणि पॅकिंगचं मला आधीपासून माहीत होतं. बाईंचा हात थांबला नाही. "तेवाच कळलं मला," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडाचा रंग बदलला व्हता." त्यात राग नव्हता. नुसता निकाल सांगितला होता.

मी अजून उभाच होतो. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या उजेडात उभा आहे. त्यांच्या हातातल्या मूर्तीच्या पांढऱ्या गालावर काहीतरी दिसत होतं, अगदी फिकट, गुलाबीहूनही फिकट. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा दिसलं. मी वाट बघितली. आता त्या म्हणतील, मग म्हणतील. त्या घासतच राहिल्या.

शेवटी मीच म्हणालो, "बाई, माझा रंग पडतोय. बाजूला होऊ का?"

त्यांनी मूर्तीच्या गालाकडे बघितलं, मग माझ्या शर्टाकडे.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पडू दे. तेवढाच रंग."

त्या मूर्तीचं घासून होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.